वेत्राच्या भावाचं काय होणार

"मुरबाडहून आनखी एक पत्र आलंय," गिरजाने निळं अंतर्देशीय पूजाच्या हातात दिलं. "पोस्टमन नाव सांगत व्हता. कोन गो हा हनुमान?"

"आश्रमशाळेत मास्तर हाय, आई. गोष्टीवर लिवतो. दुसरं काय नाय."

खरंच दुसरं काही नव्हतं. एका मासिकात 'उलटी नदी' नावाची अद्भुत कथामाला चार वर्षं चालली होती. तिच्यातली राजकन्या वेत्रा काळाच्या नदीत उतरून मागच्या दिवसांत जायची. धाकटा भाऊ शिकारीत मेला होता, त्याला तिला परत आणायचं होतं. शेवटचे थोडे भाग उरले तेव्हा संपादकांनी विचारलं, वेत्रा भावाला वाचवील का? वाचकांचे तर्क नावापत्त्यासह छापून येऊ लागले.

हनुमानचा तर्क बिनतोड होता. भाऊ वाचला तर वेत्राला नदीत उतरायचं कारणच उरत नाही. ती उतरलीच नाही तर त्याला वाचवणार कोण? म्हणजे भाऊ मरणारच.

ते वाचून पूजाच्या अंगाचा तिळपापड झाला. खर्डीहून तिने त्याला चार पानं लिहिली. नद्या दोन आहेत, एका काठावर भाऊ मेला, दुसऱ्यावर जगला. त्याचं उत्तर आलं, 'मग पहिल्या काठावरच्या आईचं काय? तिचा मुलगा गेलेलाच राहिला ना?' पूजाने पुन्हा लिहिलं. वेत्रा त्याला वाचवते, फक्त आपण वाचवलं हे विसरते. पाच महिने हे चाललं. भातातलं तण बेणताना, भाकऱ्या थापताना तिच्या डोक्यात वेत्राच असायची.

आजचं पत्र मात्र आखूड होतं.

'तुमच्या मागच्या पत्रात तीन ठिकाणी भावाच्या जागी बहीण लिहिलं आहे. वेत्राला बहीण नाही. एकदा असतं तर विचारलं नसतं. चुकीचं विचारत असेन तर माफी असावी.'

पूजा पत्र घेऊन मागच्या पडवीत गेली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

हर्षाली, तिची पाठची बहीण, पंधरा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी भादव्यात पूजा तापाने पडली होती आणि नवा अंक शहापूरच्या स्टॉलवर आला होता. "जा ना गो, घेऊन ये," तिनेच हर्षालीला गळ घातली. परतताना हायवेच्या वळणावर जीप उलटली. दवाखान्यात कुणीतरी हर्षालीची पिशवी पूजाच्या हातात दिली. आत अंक होता. आई पोचायच्या आत पूजाने तो ओढणीखाली लपवला.

पिशवीत आईचा चष्माही होता. त्या दिवशी सकाळी शेतावर जाताना गिरजा म्हणाली होती, "कोन शहापूरला गेलं तर माज्या चष्म्याची काडी जोडून आना." पोर आपल्याच कामासाठी गेली आणि जीव गमावून बसली, असं गिरजाने धरलं. त्यानंतर तिने चष्मा लावला नाही. तांदळातले खडे ती बोटांनी चाचपून काढायची. पूजा समोर बसून ते बघायची आणि गप्प राहायची. पहिल्या दिवशी सांगवलं नाही. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि सांगणं अवघडच होत गेलं.

गिरजा पडवीत आली. "रडतेस? काय लिवलंय त्यानं?"

"त्यानं काय नाय लिवलं." पूजाने पत्र खाली ठेवलं. "आई, हर्षाली चष्म्यासाठी नव्हती गेली. मी धाडली तिला. अंक आनायला. चष्मा तिनं जाता जाता उचलला."



"अंकासाठी धाडलीस त्याचा राग नाय," गिरजा म्हणाली. "तू पोर, तीबी पोर. पन दोन वर्सं तू माज्याकडं बघत व्हतीस ना गो? रोज बघत व्हतीस."

दुसऱ्या दिवशी गिरजा माहेरी भावाकडे निघून गेली. कधी येईन ते सांगितलं नाही.

पूजाने हनुमानला एकच ओळ लिहिली, 'बहीण माझी होती.' त्याचं उत्तर आलं, 'मला वाटलं होतं आपण गोष्टीवर भांडतोय. जे लिहिलं ते सगळं मागे घेतो.' तिने ते घडी करून ठेवलं. पुढे दोघांनीही लिहिलं नाही. त्याच आठवड्यात शेवटचा अंक आला. पूजाने तो शहापूरच्या स्टॉलवर उभ्यानेच चाळला. वेत्राचा भाऊ वाचला होता. कसा, ते लेखकाने धड सांगितलंच नव्हतं. तिला ना आनंद झाला, ना राग आला. तिने अंक परत ठेवला.

निघून गेल्यापासून नवव्या दिवशी दुपारी गिरजा परत आली. पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायली. लेकीकडे बघितलं नाही. पूजाने चहा पुढे ठेवला, तो तसाच निवत राहिला.

"मी शेतावर व्हते तवा," गिरजा चुलीकडे बघत म्हणाली. "ती निगाली कशी ते मला म्हाईत नाय. काय घातलं व्हतं? काय बोलली?"

पूजा खाली बसली आणि सांगू लागली. पिवळा ड्रेस. केस ओलेच होते. जायला कुरकुरली, मग तिथून बांगड्या घेऊ दे म्हणाली. दारात चप्पल सापडेना म्हणून हसली.

"हसली?"

"हसली."

गिरजाने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "परत सांग. उठल्यापासून सांग."