सासऱ्यांची पसंती

आता ज्यानं त्यानं आपल्याला हवं तेच चॅनेल निवडायचं, असा नियम निघाला. सुट्टीच्या दिवशी केबलवाला यादी घेऊन दारात आला, तेव्हा सुनेला बरंच वाटलं. चला, निदान एका बाबतीत तरी सासऱ्यांना विचारता येईल.

लकव्यानं त्यांची वाचा जाऊन तीन वर्षं झाली होती. होय म्हणायचं असलं की ते डोळे मिटत, नाही म्हणायचं असलं की टक लावून बघत. घरातले सगळे कामावर जात, म्हणून सकाळी आठला त्यांच्या खाटेसमोर टीव्ही लावायचा, तो संध्याकाळी बंद करायचा. "टीव्ही आहे ना सोबतीला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

खाटेच्या कडेला टेकून ती एकेक नाव वाचू लागली. बातम्या? डोळे उघडेच. क्रिकेट? उघडेच. जुनी गाणी, सिनेमे, जंगलातली जनावरं, सगळं वाचून झालं तरी म्हातारा ढिम्म.

"एवढे नखरे तर नवरदेवही करत नाही," ती वैतागली. "मग काय, टीव्ही बंदच करून टाकू?"

सासऱ्यांनी डोळे मिटले. घट्ट मिटले, आणि मिटलेलेच ठेवले.

टीव्ही नसला तर दिवसभर त्यांच्यापाशी कुणाला बसावं लागेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"काय म्हणतात आजोबा?" केबलवाल्यानं दारातून विचारलं.

"सगळीच हवीत म्हणतात," ती म्हणाली, आणि यादीतल्या पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत खुणा करत गेली.