शेवटच्या सभेची समाप्ती

"आठवा ना काका. प्रार्थना झाली होती का नव्हती?" रोहितने तिसऱ्यांदा विचारलं आणि ताराचंदजींचं डोकं आणखीच भणभणलं.

महालाजवळच्या त्या जुन्या चर्चच्या पायऱ्यांवर दोन्ही पार्ट्या जमल्या होत्या. दाराला कुलूप, तेही एक नाही, दोन. आणि भांडण कशावरून, तर पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका सभेवरून! पूर्वी इथल्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांचा कारभार प्रेसबिटरी पाहायची. पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि मंडळीने निवडलेले 'वडील', म्हणजे ज्येष्ठ कारभारी, एकत्र बसून सगळं ठरवत. मग वेगवेगळ्या पंथांची चर्चं एक झाली आणि प्रेसबिटरी बंद करायला तिची शेवटची सभा भरली. रिवाज असा, की सभा प्रार्थनेने सुरू करायची आणि प्रार्थनेनेच संपवायची. त्याशिवाय ती संपलीच नाही. रोहितची पार्टी म्हणे, प्रार्थना झालीच नाही, म्हणजे प्रेसबिटरी जिवंत आणि चर्च आमचं. नंदिनीबाईंची पार्टी म्हणे, झाली, म्हणजे प्रेसबिटरी संपली आणि चर्च एक झालेल्या मंडळीचं, आमचं. त्या सभेतले वडील आता एकटे ताराचंदजीच उरलेले. ते सांगतील ते मान्य करून कुलपं काढायची, असं ठरलं होतं.

ताराचंदजी तेव्हा पंचविशीतले, सगळ्यांत लहान. अध्यक्ष उभे राहिले, एवढं त्यांना आठवे. पुढे आमेन ऐकू आलं की नुसतं रडणं? कधी हे खरं वाटे, कधी ते. खरं सांगायचं तर ती सभा संपायलाच नको होती त्यांना. ती चालू तोवर आपण वडील, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मले काहीच समजून नाही राहिलं गा," ते म्हणाले.

"काहून असं करता काका?" नंदिनीबाई कळवळल्या. "नाताळ आला तोंडावर. लेकराइनं यंदाबी रस्त्यावरच गावं का?"

ताराचंदजींना भडभडून आलं. काठी टेकत ते उठले.

"झाली का नाही, देवाले माहीत. नसन झाली, त आता करतो."

सगळ्यांच्या माना सवयीने खाली गेल्या. प्रार्थना म्हणून, आशीर्वादासकट, त्यांनी सभा संपवली. आमेन मात्र दोन्ही पार्ट्यांनी एकदमच म्हटलं. मग रोहितने आपलं कुलूप काढलं, नंदिनीबाईंनी आपलं.

आत शिरून ताराचंदजी नेहमीसारखे, मंडळीच्या वडिलांसाठी राखलेल्या पहिल्या बाकाकडे निघाले. अर्ध्यावर थांबले. मग परत फिरून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, मिळेल तेवढ्या जागेत बसले.