चाळीस अंशांचं भूत

‘‘महाराज, तुमचं भूत किती अंशांत वळतं हो?’’

पैज मैत्रिणींनी लावली होती, पण विचारायला पुढे झाली ती फिटरची शाळकरी मुलगी. कारखान्यात जमलेले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं, अख्खी गर्दी तिच्याकडे वळली.

मधोमध खोकी उचलणारा यांत्रिक हात उभा होता. गेल्या महिन्यात त्याने एका कामगाराची बोटं चिरडली आणि मालकाने महाराजांना आणलं. महाराज म्हणाले, यंत्रात आत्मा शिरलाय, पापी कोण ते तोच दाखवील. दोन दिवस महाराजांनी आपला दंड, म्हणजे मुठीची काठी, सांध्याजवळ धरताच हात करकरत वळला आणि दोन्ही वेळा तिच्या फिटर पप्पांसमोर थांबला. आज तिसऱ्यांदा वळला की पप्पांची नोकरी जाणार, वर बोटांचं पाप माथी.

‘‘पोरी, आत्मा कंपासपेटीत मावत नसतो! आत्मा आकाशात मावतो, आणि आकाश माझ्या या दंडात!’’

कळलं कुणालाच नाही, म्हणूनच सगळ्यांनी माना डोलावल्या.

आत्म्याला श्वास घेता यावा म्हणून महाराजांच्या सांगण्यावरून कामगारांनी हाताच्या सांध्यावरचं झाकण काढलं होतं. हाताचे अंश दाखवणाऱ्या पडद्यावर फडकंही टाकलं होतं. शाळेत असाच चिमुकला हात बनवणाऱ्या तिला नेमकं तेच खुपत होतं. तिने फडकं ओढलं. पडद्यावर आकडा होता, नव्वद.

‘‘पप्पा, फक्त मोटर बंद करा.’’

‘‘खबरदार!’’ मालक ओरडला. पप्पांनी मोटरची कळ खाली ओढली. ‘‘आता तुमचा दंड द्या, महाराज,’’ ती म्हणाली.

महाराजांनी दंड पाठीमागे नेला. क्रेनवाल्या मावशींनी तो हिसकावलाच. ‘‘द्या की! आत्मा काय पळून जातोय?’’

त्यांनी दंडाची मूठ उघड्या सांध्याजवळ धरली. हात जागचा हलला नाही. आकडा मात्र सरकला. शंभर... एकशे तीस.

‘‘अगं, हा तर हललाच नाही!’’

‘‘मुठीत लोहचुंबक आहे, मावशी. सांधा किती वळलाय ते सेन्सर सांगतो आणि यंत्र चालवणारा कोड तो आकडा वाचतो. कोडला डोळे कुठायत? चुंबकाने सेन्सरला फसवलं, की हात चाळीस अंश पुढे गेलाय. कोडने बिचाऱ्याने चाळीस अंश मागे आणला. तिथे पप्पांची जागा!’’

कुणीतरी मुठीला नट लावला. टक्! चिकटला.

‘‘यंत्र कळत नाही यात लाज कसली? पण आकडा झाकून भुताला विचारू नका. आधी वाचा, मग खुशाल घाबरा. आणि बोटं गेली ती भोवतीची जाळी तुटली म्हणून. पप्पांनी मालकांना तीनदा लिहून दिलं होतं!’’

महाराज मालकाच्या गाडीतून पसार झाले. मालक मात्र तिच्याजवळ आला आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाला, ‘‘हुशार आहेस. शाळा कुठली गं तुझी?’’

घरी आल्याआल्या आईने दोन्ही कड्या लावल्या. ‘‘झालं ते पुष्कळ झालं. आता तोंडातून ब्र काढायचा नाही.’’ पप्पा खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. बाहेर एक गाडी बराच वेळ उभी होती.

तिने वहीतलं कोरं पान फाडलं.

‘‘आई, पप्पा, उद्या मी कारखाना निरीक्षकांकडे जाळीची तक्रार देणार आहे. खाली माझं नाव लिहीन. आणि शाळेचंसुद्धा.’’