रात्रभर राबणारी छाती

शिवणकारखान्यात तिला सगळे डुलकीबाई म्हणत. कापडाची चळत कापता कापता तिची मान कलायची आणि मशिनवरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. त्या दुपारी मात्र कोणाला हसू फुटलं नाही. कटिंग मशिनचं पातं चालू आणि हिचे डोळे मिटलेले! पातं अंगठ्याला चाटून गेलं.

तिनं स्वतःच बटण बंद केलं. "बरी होईपर्यंत मी याला हात लावणार नाही," ती सुपरवायझरला म्हणाली.

"बरी व्हायला झालंय काय? रात्री वेळेवर झोपत जा. नाहीतर जा कायमची पॅकिंगला."

"पॅकिंगला जाते. कायमची नाही."

डॉक्टरांनी अशक्तपणाच्या गोळ्या लिहिल्या. तिनं चिठ्ठी उचललीच नाही.

"नवरा सांगतो, झोपेत माझा श्वास अडकतो. छाती भात्यासारखी हलते, पण नाकाशी वारा नाही. मग बुडणाऱ्यानं वर यावं तशी धडपडून श्वास घेते."

"अहो, तो त्रास लठ्ठ पुरुषांना होतो. तुम्ही तर काडी!"

"काडीला घसा नसतो? झोपेची तपासणी लिहून द्या. त्याशिवाय मी उठत नाही."

बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी मुकाट्यानं लिहून दिलं.

तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपेत तुमचा घसा मिटतो. छाती जोर लावत राहते, शेवटी मेंदू दचकून जागा होतो. असं रात्रभर चालतं. तुम्हाला आठवत नाही, एवढंच."

"म्हणजे मी रात्रभर राबते," ती म्हणाली, "आणि वर आळशी ठरते!" संतापानं तिचे डोळे भरून आले.

झोपेत घसा उघडा राहावा म्हणून नाकातून हवा सोडणारं यंत्र घरी आलं. मुखवटा नाकाला काचायचा, नळी मानेत अडकायची. वैतागून ती तो भिरकावून द्यायची, शिव्या घालायची आणि पुन्हा चढवायची. "घरात हत्तीण आणलीय मी," नवरा म्हणायचा.

"सोंडेला हात लावलास तर बघ!"

हळूहळू सकाळी डोकं हलकं वाटू लागलं. दुपार अजून जड जायची, पण मान कलत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी हरकत नाही म्हटल्यावर ती सुपरवायझरसमोर उभी राहिली.

"माझं टेबल द्या."

"आणि परत डोळा लागला तर?"

"इतके दिवस लागत होता, तेव्हा नुसते हसलात. आता विचारताय, हे बरं केलंत. जड वाटलं तर मी थांबेन, आणि तुम्हाला सांगून थांबेन."

तो बाजूला झाला.

जेवणाच्या सुट्टीत काजं करणारी मावशी हळूच जवळ आली. "माझंही असंच होतं गं. पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतातच," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "उद्या चल माझ्याबरोबर."