हाड धरेपर्यंत

मऊ भात, कोमट.

पालथी बादली.

टायटॅनियम विमानातही वापरतात.

कॉफीच्या बरणीत काळी पूड.

"आंटी, तुझा पण परीनं नेला?"

तोंड झाकायला तिसरा हात.

दुखणार नाही, फक्त कळेल.

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याचं आहे. तिचं नाव मुनिरा, मूळची हर्णैची. आता आखातात, महबूल्यात राहते, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, चौथ्या मजल्यावर. तिथून समुद्र दिसत नाही, पण खारा वारा बरोब्बर येतो आणि एसीच्या पत्र्याला गंज चढवतो. नवरा यूसुफ सुलैबियाच्या भाजी बाजारात एका घाऊक व्यापाऱ्याकडे आहे. पहाटे जातो आणि दुपारी कांद्याचा वास अंगावर घेऊन येतो. मुलगी अफ्रीन अहमदीत एका ऑफिसात हिशेब बघते. तिला घरची बोली सगळी कळते, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. मुनिरा स्वतः एका भारतीय शाळेच्या बसवर आया आहे. पोरं चढवायची, पोरं उतरवायची, मधल्या वेळात ओकलेलं पुसायचं.

तिचा दात गेला तो वरचा, समोरचा, उजवीकडचा. ती पडली नाही की कुणाचा धक्का लागला नाही. वर्षभर हलत होता, आणि एक दिवस खजूर चावताना बीबरोबर हातात आला. तिनं बी आणि दात दोन्ही धुऊन बघितले.

दात गेल्यावर माणसाला कळतं की आपण दिवसातून किती वेळा तोंड उघडतो. घरात ओढणी पुढं घेता येते. चालत्या बसमध्ये एक हात दांडीला असतो, दुसरा कुणाच्या तरी दप्तराला. तोंड झाकायला तिसरा हात आणायचा कुठून? दोन वर्षं ती ओठ मिटून हसली. त्यानंही माणूस दमतो.

पहिलीतली स्वरा तिसऱ्या सीटवर बसायची. तिचे स्वतःचे समोरचे दोन दात पडलेले, म्हणून तिला विचारायचा हक्क होता.

"आंटी, तुझा पण परीनं नेला?"

"नेला."

"उशीखाली पैसे ठेवले?"

"नाय ठेवले."

"मग चोर असेल. माझा नवीन येतोय, हे बघ. तुझा पण येईल."

त्याच आठवड्यात मुनिरानं यूसुफला सांगितलं, मला दात बसवायचाय. रात्री काढून पेल्यात ठेवायचा तसला नको. कायमचा.

"या वयात कुणाला दाखवायचाय गो?"

"बसमधल्या पोरांना."

यूसुफनं पुढं काही विचारलं नाही. दमलेला माणूस वाद घालत नाही, हा त्या घराचा शांततेचा करार होता.

*

काय काय होईल ते आधीच सांगतात. डॉक्टर आदिल इजिप्तचे, तरुण, दाढी कोरलेली. ते इंग्रजीत सांगत होते आणि अफ्रीन तिच्या परीनं मराठी करत होती.

"आधी स्कॅन. मशीन डोक्याभोवती फिरतं. मग इंजेक्शन. मग बोनमध्ये होल."

"हाडात?"

"जबड्याच्या हाडात, अम्मी. त्यात स्क्रू बसवतात. टायटॅनियमचा. विमानात पण वापरतात."

"मला कुठं उडायचंय."

"मग तीन-चार महिने वेट. हाड स्क्रूला धरतं. त्याच्याभोवती ग्रो होतं. धरलं की वर दात."

"आणि नाय धरलं तर?"

डॉक्टर हसले. शंभरातल्या चार-पाच जणांचं नाही धरत, तुमचं धरेल, म्हणाले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. साखर आहे? रक्तदाब? सिगारेट? शिशा, म्हणजे हुक्का? भारतीय पेशंट खूप येत असावेत, कारण पुढचे शब्द त्यांनी अफ्रीनची वाट न बघता स्वतःच उच्चारले. पान? गुटखा? तंबाखू?

मुनिरा प्रत्येकाला मान हलवत गेली. नाय. नाय. नाय. त्यात खोटं काही नव्हतं. तिला सिगारेटचा धूर सोसत नाही. यूसुफची विडी लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं सोडवली होती.

*

दुखणार नाही, फक्त कळेल. तसंच झालं. शेजारी भिंतीला भोक पाडतो तेव्हा आपल्या मांडणीवरची भांडी हलतात, तसं कवटीत हललं. थंड पाणी उडत होतं, नर्स ते ओढून घेत होती. मुनिरा दिव्याकडे बघत पडून राहिली. पाठ टेकून इतका वेळ पडून राहायला मिळाल्याला बरेच दिवस झाले होते. टाके घालेपर्यंत तिचा डोळा लागला. नर्सनं अफ्रीनला सांगितलं, असा पेशंट नाही बघितला, घोरत होती.

दुसऱ्या दिवशी सूज येते. तिसऱ्या दिवशी जास्त येते, घाबरायचं नाही. फ्रीझरमधली मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून गालाला लावायची. भात मऊ, कोमट. चूळ जोरात भरायची नाही. स्ट्रॉनं ओढून प्यायचं नाही. ब्रश त्या बाजूला न्यायचा नाही.

हे सगळं मुनिरानं पाळलं.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर, रोजच्यासारखी, ती स्वयंपाकघरामागच्या टीचभर बाल्कनीत जाऊन बसली. तिथं धुण्याचं मशीन आहे, एसीचा डबा आहे, आणि उरलेल्या जागेत एक पालथी बादली. बादलीवर मुनिरा. हातात कॉफीची जुनी बरणी, बरणीत मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची, की मशेरी झाली. इथं फ्लॅटमध्ये भाजली तर धुरानं अख्ख्या इमारतीत घंटा वाजेल. म्हणून हर्णैहून बहीण पाठवते, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर.

चिमूट तळहातावर घ्यायची, पहिल्या बोटानं हिरड्यांवर फिरवायची आणि तोंड मिटून बसायचं. डोकं हळूहळू हलकं होतं. पोट जागं होतं. आणि त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही. मारली तरी तोंड भरलेलं, बोलता येत नाही. घरातल्यांना ते माहीत आहे. दिवसभरातला तेवढाच वेळ असा, की मुनिरा कुणाला ओ देणं लागत नाही.

त्या दिवशी जखमेला लागू नये म्हणून तिनं डावीकडूनच लावली. बोट जपून फिरवलं.

*

नाही धरलं.

तीन महिन्यांनी तपासायला गेली तेव्हा डॉक्टरांनी दात बघायच्या आरशाच्या मुठीनं स्क्रूवर टकटक केली, आवाज बसका आला. लहानशी किल्ली लावली आणि दोन बोटांनी फिरवली. स्क्रू निघाला. शर्टाचं बटण निघतं तसा, कुरकुर न करता. स्टीलच्या ताटलीत तो ठेवला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"अम्मी, ही इज सेइंग सॉरी. म्हणे त्यांचंच काहीतरी चुकलं असेल. हाड भरलं की परत घालणार. पैसे नाही घेणार."

मुनिराची कुणी माफी मागितल्याला बरीच वर्षं झाली होती. तोंड कुठं करावं ते तिला कळेना.

"पण एक सांगितलंय," अफ्रीन म्हणाली. "हाड आधीच थोडंय. दुसऱ्यांदा पण गेलं तर तिसऱ्यांदा घालता नाही येणार. मग काढायचा-घालायचाच."

म्हणजे आता एकच संधी होती. बसमध्ये स्वराचे दोन्ही दात आले, करवतीसारखी धार असलेले. "तुझी परी फार स्लो आहे," ती म्हणाली.

*

शुक्रवार. सुट्टी. अफ्रीन मशीनमध्ये कपडे टाकायला बाल्कनीत आली. मुनिरा बादलीवर होती. अफ्रीननं बरणी उचलली, हुंगली, आणि खाली ठेवलीच नाही.

"अम्मी, व्हॉट इज दिस मेड ऑफ?"

मुनिरानं थांब म्हणून बोट दाखवलं. पुरं करून चूळ भरली.

"मशेरी गो."

"आय नो. कशाची असते?"

"कशाची म्हणजे? तंबाखू भाजून..."

अफ्रीन मशीनच्या झाकणावर बसली.

"डॉक्टरनी टोबॅको विचारलं होतं."

"तंबाखू खातेस काय, असं विचारलंन. मी खाते? मी थुंकते."

"अम्मी."

"तंबाखू खातात ती नाक्यावरची माणसं. गाल फुगवून बसतात ती. ही दात घासायची."

एसीच्या डब्यातून पाणी ठिबकत होतं. मुनिरा बोटाकडे बघत बसली. बोटाचं टोक काळं होतं. तिला कळायला वेळ लागला नाही. कळलेलं मान्य करायला थोडा लागला.

"जन्मल्यापासून बघतेस तू ही बरणी," ती म्हणाली. "मग तू का नाय सांगितलंस त्याला?"

"आय थॉट... तुझी टूथपेस्ट आहे."

दोघींपैकी कुणी हसलं नाही. अफ्रीनला नंतर आत जाऊन थोडं हसू आलं. मुनिराला नाही.

यूसुफनं दुपारी ऐकून घेतलं आणि जेवत जेवत निकाल दिला. "गप बसायचं. तो परत घालतोय ना? आपली चूक समजतोय तर समजू दे. तू मशेरी सोड, विषय संपला."

"आणि तो बिचारा?"

"तो डॉक्टर हाय. बिचारे आपण."

पुढच्या खेपेला मुनिरा पर्समध्ये बरणी घालून गेली. अफ्रीनला लिफ्टमध्ये समजलं. "प्लीज, अम्मी, डोन्ट," ती म्हणाली. मुनिरानं खुर्चीत बसण्याआधी झाकण उघडून बरणी डॉक्टरांपुढं धरली. त्यांना वाटलं कॉफी आणली. त्यांनी कौतुकानं नाक आत घातलं, आणि मग शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. नर्स टिश्यूचा डबा घेऊन धावली. अफ्रीन भिंतीवरचं दातांचं चित्र वाचत उभी राहिली.

"सांग त्याला," मुनिरा म्हणाली, "तुझी चूक नव्हती म्हणून."

अफ्रीननं सांगितलं. डॉक्टर नाक पुसत ऐकत होते. ते रागावले नाहीत. खुर्चीत मागं रेलले, खांदे खाली आले. इतके दिवस हा माणूस पण ते ओझं घेऊन फिरत होता, हे मुनिराला दिसलं. मग त्यांनी समजावलं की ही पूड हिरडीतल्या रक्ताच्या वाटा आवळते. रक्त पोचलं नाही तर हाड धरणार कसं? आजपासून बंद. थोडे दिवस जाऊ दे, मग स्क्रू.

"बंद किती दिवस?"

"हाड धरेपर्यंत, अम्मी."

यापुढचं कुणी विचारलं नाही.

*

डोकं दुखतं. दुखू दे.

पोट साफ होत नाही. इसबगोल.

बसमध्ये उभ्या उभ्या डुलकी. स्वरा ओढणी ओढून उठवते: "आंटी, माझं घर मागं गेलं."

यूसुफनं बरणी कचऱ्यात टाकली, न विचारता. "तुझ्यासाठीच टाकली." "मला टाकायची होती." मग दोन दिवस स्वयंपाकघरात फक्त भांडी बोलली.

दुसरा स्क्रू. तेच इंजेक्शन, तेच हादरे, तोच दिवा. या वेळी तिला झोप लागली नाही.

मटार. मऊ भात.

फजरनंतर ती बाल्कनीत जातच राहिली. बादलीवर बसायची, टूथब्रश घेऊन. पेस्टचा फेस होतो, फेस थुंकला की तोंड मोकळं. ते घरात लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं, कुणी तसं बोललं नाही तरी.

"मुनिरा, माजे मोजे?"

"अम्मी, व्हेअर इज माय चार्जर?"

"मुनिरा, चायत आलं घातलंस?"

ती उठून मोजे द्यायची. रमजान आला आणि गेला. दिवसभराचा रोजा सोपा वाटला, कारण तो संध्याकाळी मगरिबला सुटायचा. हे सुटत नव्हतं. दुपारी बस रिकामी परत येताना ती मागच्या सीटवर जीभ नेऊन त्या जागेला हळूच दाबून बघायची. हलतंय का? हलत नाही. की जीभच सुन्न झालीय? मग पुन्हा दाबायची. एकदा हर्णैची एक ओळखीची बाई आली, तिच्या पिशवीत मशेरी होती. तिनं विचारलं, चिमूटभर घेतेस? मुनिरा मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली, ती बाई निघून जाईपर्यंत.

*

डॉक्टरांनी आरशाच्या मुठीनं स्क्रूवर टकटक केली. पहिल्या वेळी आवाज बसका आला होता. आता खणखणीत आला. त्यांनी किल्ली लावून जोर दिला. स्क्रू जागचा हलला नाही, मुनिराचं डोकंच थोडं फिरलं.

"धरलं, अम्मी," अफ्रीन म्हणाली.

नर्सनं अंगठा दाखवला. डॉक्टर म्हणाले, आता माप घेऊ, थोड्याच दिवसांत दात. रंग शेजारच्या दातासारखा, जरा पिवळट, नाहीतर नवा कळून येईल. मुनिरा ऐकत होती. आनंद झाला होता, पण तो कुठं ठेवावा हे ठरवायला बळ उरलं नव्हतं.

"विचार त्याला," ती म्हणाली, "आता लावली तर चालेल?"

"काय?"

"तुला म्हायतीय काय."

अफ्रीननं विचारलं. डॉक्टरांना आधी समजलं नाही. समजल्यावर त्यांनी हातातला ट्रे बाजूला ठेवला आणि सरळ मुनिराकडे बघून बोलले, अफ्रीनकडे नाही. हाड धरतं तसं सोडतंही. दोन वर्षांनी सोडेल, पाच वर्षांनी सोडेल. परत घालायला तिथं जागा नाही.

"म्हणजे कधी नाय?"

"नेव्हर, अम्मी."

महिने मोजले जातात, संपतात. हे तसं नव्हतं. स्क्रू आता तिच्या हाडाचा होता, आणि दात की मशेरी, असं कुणी विचारलं असतं तर तिनं काय निवडलं असतं, ते तिला आत्ता या क्षणी सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे पुन्हा उचलला. लगदा घट्ट व्हायला लागतो, फार वेळ धरून ठेवता येत नाही.

"ही इज वेटिंग," अफ्रीन हळू म्हणाली.

मुनिरानं तोंड उघडलं.

मशेरी तिला पहिल्यांदा सासूनं दिली होती, हर्णैला, अफ्रीनच्या बाळंतपणानंतर. दात हलायला लागले होते, आणि मशेरीनं हिरड्या घट्ट होतात, असं सासू म्हणाली होती.