आठ महिन्यांच्या बिअरवर पाच वर्षांचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो : मी कधीही अडकलो नव्हतो!

लाकडी मूठ, लोखंडी सांगाडा आणि दिवस, महिना, वर्ष यांच्या तीन रबरी पट्ट्या, एवढाच माझा देह. शेताच्या कडेला असलेल्या बिअरच्या एका छोट्या कारखान्यात मी कामाला लागलो. कारखाना दोन भावंडांचा होता. थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, ती तळघरात बिअर बनवायची. धाकटा भाऊ वरचे दुकान सांभाळायचा.

ताई दोन प्रकारची बिअर बनवी. एक हलकी, फिकट सोनेरी. तिचा सारा जीव हॉप्सच्या कडवट फुलांच्या वासात. तो वास नाजूक. आठेक महिन्यांत उडून जातो, आणि बाटली उन्हात राहिली तर त्याच्याही आधी. दुसरी तांबूस आणि कडक. तिच्या बाटलीत यीस्ट जिवंत असते, हळूहळू आपले काम करत राहते. थंड, अंधाऱ्या जागी उभी ठेवली तर ती तीन-चार वर्षे टिकते, मुरते, चवीला खोल होते.

"पहिलीला ताटकळत ठेवायचं नाही आणि दुसरीला घाई करायची नाही," ताई म्हणे. "उलटं केलंत तर माझी मेहनत मातीत."

बाटली कधीपर्यंत प्यायची ती तारीख मारायला बसली की ती दाभणाच्या टोकाने माझ्या पट्ट्या फिरवी, कागदाच्या कपट्यावर एकदा उमटवून बघे, आणि मगच लेबलाला हात लावी. माझ्या मुठीचा रंग तिच्या तळव्याने उडाला. मला त्याचा अभिमान वाटे.

मग एकदा ओल्या पायरीवरून पाय घसरून ताईचे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले तरी शिक्का दाबताना कळ यायची. ते काम धाकट्याकडे गेले.

धाकटा वाईट नव्हता, पण उतावळा होता. जुने म्हणजे भारी, असे कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवले होते. त्याने माझी वर्षाची पट्टी पाच घरे पुढे सरकवली आणि हलक्या बिअरच्या लेबलांवर मला दणादण आपटले. वर त्याच बाटल्या दुकानाच्या काचेत, भर उन्हात मांडल्या आणि पाटी लावली : 'जितकी जुनी, तितकी झकास'.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! पण शिक्क्याचे नशीब असे, की दुसऱ्याने फिरवलेलेच त्याच्या तोंडून बाहेर पडते.

त्याच दिवसांत बस चालवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. त्यांचा भाऊ तीन वर्षांसाठी जहाजावर निघाला होता. त्याला ही हलकी बिअर फार आवडायची.

"तो परत येईल तेव्हा फोडायचीय," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं टिकेल ना?"

"टिकेल? अहो, सुधारेल!" धाकटा म्हणाला, आणि माझ्या शिक्क्यावर बोट ठेवून त्याने दोन बाटल्या त्यांच्या पिशवीत घातल्या.

तीन वर्षांनी बाई परत आल्या. त्यांच्या हातात दुसरी बाटली होती, न फोडलेली.

"भाऊ आला," त्या म्हणाल्या. "पहिली फोडली. त्याने अख्खा ग्लास संपवला आणि म्हणाला, छान आहे. मग मी एक घोट घेतला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती हो! माझं मन राखायला बिचाऱ्याने ते पाणी घशाखाली उतरवलं. मला काही परत नको. ही दुसरी फक्त माझ्यासमोर पिऊन दाखवा."

धाकट्याचा चेहरा पडला. मग त्याने माझ्याकडे बोट केले.

"शिक्का जुना झालाय, बाई. पट्टी अडकली असणार. चुकून पडली तारीख."

मी! मी अडकलो! इतकी वर्षे ज्याने दिवसाचीही चूक केली नाही, तो पाच वर्षांनी चुकला म्हणे!

एवढ्यात जिन्यातून सगळे ऐकलेली ताई ओल्या एप्रननेच तळघरातून वर आली. तिने बाटली हातात घेतली, लेबल वाचले, आणि मला उचलले. दुखऱ्या हाताने तिने माझी पट्टी फिरवली. एक घर, दोन घरे, पाच घरे, लोण्यासारखी फिरली.

"हा अडकलेला नाही," ती म्हणाली. "पाच वर्षं कोणी सरकवली?"

"ताई, लोकांना जुनंच हवं असतं गं."

"मग त्यांना तांबडी दे. आठ महिन्यांच्या जिवाला मी पाच वर्षांचं आयुष्य कुठून आणू?"

तिने बाटली फोडली. ना फेस, ना वास. तिने आधी स्वतः घोट घेतला, मग ग्लास काठोकाठ भरून भावापुढे ठेवला. "यांच्या भावाने संपवला. तूही संपव."

त्याने संपवला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत संपवला.

ताई बाईंकडे वळली. "लेबलं मी तीन वर्षं वाचली नाहीत. त्याची भरपाई कशी होणार? चूक माझीही आहे."

खरे आहे ते. ताईवरही माझा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. जिन्याच्या चौदा पायऱ्या चढून एकदा जरी तिने लेबल पाहिले असते!

त्याच दुपारी काचेतल्या साऱ्या बाटल्या मोरीत रिकाम्या झाल्या आणि पाटी उतरली. आता मी बाटली भरल्याची तारीख उमटवतो, आणि खाली ताई स्वतःच्या हाताने लिहिते, कोणती लवकर प्यायची आणि कोणती जपायची. रविवारी बाई भावाला घेऊन आल्या. ताईने त्यांना त्याच आठवड्यात भरलेली हलकी बाटली दिली. भावाने पहिला घोट घेतला आणि बहिणीकडे बघून हसला. "खरं सांगू? तेव्हाची भयंकर होती!" बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

धाकट्याने बाईंची माफी मागितली, ताईचीही मागितली. माझी मात्र कोणी मागितली नाही.

मित्रांनो, माझ्या वर्षाच्या पट्टीवर आता दोनच आकडे उरले आहेत. ते संपले की मला खुशाल फेकून द्या. ज्याची त्याची मुदत असते. पण ताज्या वस्तूला माळ्यावर कोंडू नका, मुरणारीला घाईने उघडू नका, आणि कोणाच्या तोंडी खोटी तारीख घालून वर त्यालाच खोटे पाडू नका. शिक्क्यालासुद्धा.