पिराजी पेंटरची चूक

रविवारी सकाळी नऊ वाजता आण्णा हातपाय धुऊन, चपला बाजूला काढून, गुंडूमामांच्या टेम्पोच्या कपाळावर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' लिहीत होते. टेम्पो जुना, रंग नवा. गुंडूमामा कबनूरचे, यंत्रमागवाल्यांना सूत पोचवणारे. गाडी रंगवली की आधी आमच्या दारात आणायची, नाव घालून घ्यायचं आणि तशीच डोंगरावर दर्शनाला न्यायची, हा त्यांचा नेम.

आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात त्यांना पिराजी पेंटर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक, टेम्पो, रिक्षांवर अक्षरं काढली. नंबरचे आणि मालकाच्या नावाचे पैसे घ्यायचे, देवाचं नाव फुकट. "देवाचं नाव इकायचं नसतंय," एवढंच ते सांगत. पुढे मालकांची नावं रेडियमवाल्यांकडे गेली. मग नंबरप्लेटाही सरकारी नियमाने छापून येऊ लागल्या. आण्णांकडे उरलं ते फक्त फुकटचं काम. ते त्यांनी सोडलं नाही. घर माझ्या पगारावर चाले. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे.

साडेदहाला विश्वजितची गाडी आमच्या बोळात शिरली आणि अडकली. पांढरी, उंच, नवी. काच खाली करून तो म्हणाला, "ओ पावणं, जरा मागं घ्या. आरशाला घासंल."

गुंडूमामा टेम्पोतून उतरलेच नाहीत. "पावणा कोण रं? तुला ह्याच टेम्पोतनं शाळंला सोडलाय की."

विश्वजित माझा धाकटा भाऊ. तो मोबाइलवर लोकांना जगावं कसं ते सांगतो. बूट कुठले घालावेत, कुणाबरोबर चहा पिऊ नये, तिशीच्या आत कुठली गाडी दारात असावी. अडीच लाख माणसं ते ऐकतात. 'तुमची गाडी तुमच्या आधी बोलते' हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो लबाड नाही. गाडी त्याचीच आहे, आणि जे बोलतो त्यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. मला त्याचीच जास्त किळस येते.

गाडीत मोसंबीच्या गोळीसारखा वास होता. तोच त्याच्या शर्टाला, हाताला, माझ्या खांद्यावर ठेवलेल्या पंजाला.

"ताई, मोबाइल धर जरा. आडवा न्हाय, उभा. आण्णा, तुमी बसा हितं, डब्यांपाशी. हातात ब्रश राहू दे."

आण्णा बसले. पोराला आपलं काम दाखवायचं आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

घरात 'हाय' म्हणणारा माझा भाऊ कॅमेऱ्यासमोर 'आहे' म्हणतो. गळा साफ करून तो बोलू लागला. "मित्रांनो, हे माझे वडील. कोल्हापुरातले उत्तम पेंटर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर नावं लिहिली, पण स्वतःची गाडी कोणती? ती बघा, एम-एटी." मी मोबाइल दारातल्या जुन्या एम-एटी दुचाकीकडे वळवला. त्याने तसं आधीच सांगून ठेवलं होतं. "चूक कुठे झाली? त्यांनी फुकट काम केलं. लक्षात ठेवा, जो फुकट काम करतो तो जगाला सांगत असतो की माझी किंमत शून्य आहे. वडिलांवर प्रेम करा. वडिलांची चूक करू नका."

आण्णा कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. हसायला त्यानेच सांगितलं होतं.

मी मोबाइल स्थिर धरला होता. हात हलला असता तर पुन्हा घ्यावं लागलं असतं, आणि मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. हे कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं.

दुपारी विश्वजितने रस्सा दोनदा मागून घेतला आणि तो गेला. चारपर्यंत ते चित्रण सगळीकडे पोचलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'काका कॉमेडी', 'दादा, डोळे उघडले', 'फुकट पेंटरचा पत्ता द्या'. संध्याकाळी आण्णांनी चष्मा लावून माझ्या मोबाइलवर ते बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले,

"वर्षा, तू एवढी पुस्तकं वाचतीस. मी चुकलो काय गं?"

मी म्हणाले, "जेवा आता. रस्सा गार होतोय."

ते जेवले. भाकरी थोडी कमी खाल्ली, की नेहमीएवढीच, ते आता आठवत नाही.

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. पण विश्वजितचं एक वाक्य माझंही होतं. पाचसहा वर्षांपूर्वी, वीजबिल भरायचं राहिलं तेव्हा, मीच म्हणाले होते, "लोक फुकट घेतात, कारण तुम्ही देताय." मी ते स्वच्छ भाषेत म्हटलं होतं, आवाज न चढवता, आणि खाली हसरी तोंडं टाकायला कुणी नव्हतं. फरक एवढाच.

सोमवारी सकाळी चहा पिऊन आण्णा एम-एटीला किक मारत होते. दुसऱ्या किकेला खाली बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच दमलेलं होतं. मोबाइलवर चार शब्द ऐकून माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण शेवटच्या रात्री तो काय घेऊन झोपला, हेही मला ठाऊक आहे.

बुधवारी रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडे त्या वेळी विधी उरकले की जमलेल्यांतून दोघेतिघे मयताविषयी बोलतात. स्मशानाबाहेर टेम्पो आणि रिक्षांची रांग लागली होती. विश्वजितची गाडी आत, अगदी फाटकापाशी.

तो माझ्याजवळ आला. डोळे लाल होते. रात्रभर रडला होता, ते खोटं नव्हतं. पांढऱ्या शर्टाच्या गुंडीला त्याने बोटभर काळा माइक लावला होता.

"ताई, मोबाइल धर. उभा."

मी धरला. दुसऱ्यांदा. आण्णांच्या राखेचा ओलसर वास माझ्या बोटांना होता आणि त्यात तो मोसंबीचा वास मिसळला.

"मित्रांनो," विश्वजित म्हणाला. नातेवाइकांना नाही, मोबाइलला. "आण्णांनी मला सगळ्यात मोठा धडा दिला. कसं जगायचं नाही, याचा धडा. ते कलाकार होते, पण त्यांना स्वतःची किंमत कळली नाही. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्या महिन्यात मी एक दिवसाचं शिबिर ठेवतोय, 'स्वतःची किंमत ओळखा'. पहिल्या पन्नास जणांना सवलत."

मागून गुंडूमामांचा आवाज आला. "मयतीला बी डिस्काउंट."

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात ते दडपलं. विश्वजितने तिकडे न बघता माइक सरळ केला. बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, डोळ्यांत पाणी असताना, त्याची बोटं आधी माइककडे गेली. ते मी मोबाइलच्या काचेवर पाहिलं, तळहाताएवढं, अगदी स्पष्ट. कोपऱ्यात लाल ठिपका जळत होता. तो माझ्या हातात जळत होता, माझ्या परवानगीने, रविवारसारखाच.

"आता आणि कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला," एक वयस्कर पाहुणे म्हणाले. ते पुरुषांकडे बघत होते.

गुंडूमामा पुढे आले, टोपी काढली. "मला न्हाय बोलाय येत," म्हणून मागे सरकले. त्यांच्या मागे रस्त्यावर टेम्पो दिसत होता. कपाळावरची अक्षरं रविवारचीच, अजून ओली असल्यासारखी चकाकणारी.

मी मोबाइल खाली केला.

"ताई, काय करतीस? चालू हाय ते."

"असू दे चालू."

बायकांच्या घोळक्यातून मी पुढे गेले. ग्रंथालयात मी कधी आवाज चढवत नाही, आणि तिथेही चढवला नाही. ऐकायला माणसं जवळ सरकली.

"रविवारी विश्वजित बोलला तेव्हा मोबाइल मी धरलेला. संध्याकाळी आण्णांनी मला इचारलं, मी चुकलो काय. आणि मी त्यास्नी जेवायला वाढलं. काही बोलले न्हाय."

"ताई, हितं नको," विश्वजित म्हणाला. माइक अजून त्याच्या गुंडीला होता. "घरात बोलू."

"घरात बोलायचं तवा मी बोलले न्हाय. म्हणून हितं." मी त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या शिबिरात आण्णांचं नाव घ्यायचं न्हाय. देवाचं नाव इकलं न्हाय त्यांनी. आपण त्यांचं इकायचं न्हाय."

मग मी त्याच्याकडे पाठ केली. राखेची जागा धुऊन घेतली होती. फरशी ओली होती आणि तिच्यावर दोन फुलं चिकटली होती. मी तिथे बघून बोलले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"न्हाय, आण्णा. तुमी चुकला न्हाईसा."